विळीची खालची धार

सहा-सात महिने, केळं सोडलं तर, सोलावं लागेल असं काहीही मी घरात आणलं नव्हतं. बायको गेली गणपतीनंतर. तेव्हापासून सकाळी चहा-पाव, दुपारी दूध-पाव, संध्याकाळी दोन केळी. शेजारच्या हंसाबेन अधूनमधून डबा द्यायच्या, तो खायचो आणि घासून परत करायचो. मी दुःख करत बसलो होतो असं कुणी समजू नये. रोज आंघोळ करत होतो, पेपर वाचत होतो, टीव्हीवर भांडणं बघत होतो. फक्त भाजी आणि विळी, या दोन गोष्टींच्या वाटेला जात नव्हतो.

मग चैत्र तोंडावर आला. मुलुंडला पूर्वेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीच्या हातगाड्या लागतात. पाडव्याच्या आदल्या दिवशी तिथे कैऱ्यांचा ढीग दिसला. हिरव्यागार, देठाशी चीक अजून ओला. एक कैरी उचलून नाकाशी धरली. त्या वासाने तोंडाला आपोआप पाणी सुटतं, त्याला माणसाचा इलाज नाही. पाणी सुटलं, आणि मला स्वतःचा राग आला. कैरी परत ठेवून दिली.

गाडीवाला म्हणाला, "काका, घ्यायची नाय तर वास कशाला घेता? वासाचे पण पैसे लागतात."

"मग तुझ्या गाडीवरच्या माश्यांकडून घे आधी," म्हटलं आणि घरी आलो.

बोटांना चीक लागला होता. साबणाने धुतला तरी वास जाईना. आणि तो वास नाकात असेपर्यंत मी गेल्या वर्षीच्या चैत्रात होतो.

गेल्या वर्षी याच दिवसांत इंदूला, म्हणजे माझ्या बायकोला, हॉस्पिटलातून घरी आणलं. झटका येऊन गेला होता. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालायची. बोलणं जरा जड झालं होतं, पण थांबलं नव्हतं. ते थांबलं असतं तर डॉक्टरही घाबरले असते. घरी आल्या आल्या कॉटवर बसून तिने पहिलं काय विचारलं असेल? "कैऱ्या इल्यो काय बाजारात?"

आम्ही दोघं मालवणकडचे. पन्नास वर्षं मुंबईत काढली, तरी चिडली किंवा खूश झाली की तिची गावची भाषा बाहेर यायची. चैत्रात कैरी, मग कुयरी म्हणजे कोवळा फणस, मग पिकले आंबे, पिकला फणस. हे तीन महिने आमच्या घरात सोलण्याचे. जमिनीवर जुने पेपर अंथरलेले, मध्ये ही विळीवर बसलेली, एका बाजूला सालांचा ढीग, दुसऱ्या बाजूला परात. गुळांब्याचा वास जिन्यापर्यंत जायचा. मी कामावरून यायचो, पाय उचलून पेपरांवरून पलीकडे जायचो. पन्नास वर्षं मी पलीकडेच गेलो. खाली बसलो नाही.

मी टर्नर. भांडुपच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं लेथवर काढली. सातवीनंतर शाळा सोडली, पण लोखंड मला कळतं. लेथवर काय करतात? लोखंड सोलतातच. गोल फिरणाऱ्या जॉबला, म्हणजे घडवायच्या तुकड्याला, टूल लावलं की त्याची साल निघते. गरम, निळी, कुरळी, हातभर लांब. एका केसाइतकी साल काढायची म्हटलं तर तेवढीच काढणार, जास्त नाही, कमी नाही. साहेब लोक मला बोलवून दाखवायचे, बघा, याचा हात बघा. आणि घरी या हाताने एक बटाटा सोलला नव्हता. लाज वाटायची नाही तेव्हा. कुणालाच वाटायची नाही.

तर गेल्या चैत्रात इंदूचा हात गेला आणि सोलण्याचं काम माझ्याकडे आलं. मी मनात म्हटलं, त्यात काय? लोखंड सोललं, दुधीने काय घोडं मारलंय? विळी घेऊन बसलो. आमच्या गावाकडे तिला आडाळो म्हणतात. हिची विळी लग्नातली, फणसाच्या लाकडाच्या पाटाची, पातं वापरून वापरून झिजलेलं. बघितलं तर धार सगळीकडे सारखी नाही. वर टोकाकडे बरी, खाली पोटाशी पार बोथट. बोट फिरवलं तर नुसतं घासतं, कापत नाही. म्हटलं, ही बाई पन्नास वर्षं असल्या पात्यावर काम करते? कारखान्यात असलं टूल कुणी लावलं असतं तर मी त्याच्या हातातून काढून भंगारात टाकलं असतं.

तिला म्हटलं, "याला धार लावून आणतो."

कॉटवरून म्हणाली, "माझ्या आडाळ्याक हात लावू नका हां. आसा तसो ऱ्हवांदे."

असा तसा राहू दे. मी कुठला ऐकतोय? धारेतलं हिला काय कळतं, असं वाटलं. माझा एक जुना सोबती भांडुपला छोटं वर्कशॉप चालवतो. तिथे नेऊन ग्राइंडरवर पातं धरलं, खालपासून वरपर्यंत एकसारखं. नंतर तेलाच्या दगडावर घासलं. केस उभा धरला तर दोन झाले. सोबती म्हणाला, "अजून हात आहे रे तुझा." छाती फुगवून घरी आलो. दोन दिवस त्यावर भाजी चिरली. झकास. लोण्यातून जावं तशी.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या गोळ्या आणायला खाली गेलो. कैऱ्या आदल्या दिवशी आणून ठेवल्या होत्या, पाटीत, कॉटजवळच. मी दहा मिनिटांत परत आलो. ही कॉटवर नाही. खाली जमिनीवर. कशी उतरली देव जाणे. डावा पाय विळीच्या पाटावर, डाव्या हातात कैरी.

तिचा हिशोब चुकीचा नव्हता. चाकूला, पीलरला दोन हात लागतात. एकात वस्तू, एकात हत्यार. विळीला एकच हात पुरतो, कारण हत्यार पायाखाली धरलेलं असतं. हे तिने कॉटवर पडल्या पडल्या शोधून काढलं होतं. माझा उजवा गेला, डावा आहे ना? मग कैरी सोलता येईल. मी बाहेर जायची वाट बघत होती, कारण मी असतो तर उतरू दिलं नसतं.

आणि सोलताना अंगठा कुठे असतो? पात्याच्या पलीकडे, पात्याला टेकलेला. साल अंगठा आणि पातं यांच्यामधून सरकते. तिथे, पोटाशी, ती धार बोथट होती म्हणून पन्नास वर्षं तो अंगठा शाबूत होता. साल निघत होती, कातडी निघत नव्हती. वरची धार चिरायला, खालची सोलायला. खालची मुद्दाम मारलेली. तिच्या आईने मारून दिलेली, हे नंतर कळलं. मी सगळीकडे एकसारखी करून ठेवली.

अंगठ्याचं पेर उघडं पडलं होतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, त्यामुळे थांबेना. परातीतल्या कैऱ्या लाल झाल्या. मी नॅपकिन बांधला, हंसाबेनना हाक मारली, रिक्षा केली. चार टाके पडले. रिक्षातून परत येताना ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. एवढंच म्हणाली,

"धार बरी लावल्यात हां."

रागाने नाही म्हणाली. तिने खरंच कौतुक केलं होतं की टोमणा मारला होता, हे मला आजही ठरवता येत नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. घरी आल्यावर मी विळी गोणपाटात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली.

पुढचे पंधरा दिवस तिला एकही हात नव्हता. उजवा चालत नव्हता, डाव्याला बँडेज. मी भरवायचो, वेणी घालायचो. वेणी वाकडी व्हायची. हंसाबेन बघून म्हणायच्या, "भाईसाब, आ तो दोरडूं छे." म्हणजे, ही तर दोरी वळलीय. आणि ही बिनहातांची बाई दिवसभर कॉटवर बसून मला हात करून वापरायची. हात माझे, तोंड तिचं.

"आलं चाकूने नको. चमच्याच्या कडेने खरवडा. आल्याची अर्धी चव सालीला चिकटून असते, चाकूने ती कचऱ्यात जाते."

"लसूण नखाने काय उकरताय? कोमट पाण्यात टाका आणि तोवर माझं पाणी आणा."

"दुधीला नख लावून बघा. रुतलं ना? मग सोलायचा कशाला? उगाच आपलं दिसलं की सोल."

"दोडक्याच्या शिरा फेकल्या? डब्यातून काढा. काढा म्हणते ना. चटणी होते त्याची."

मी कचऱ्याच्या डब्यातून शिरा वेचून काढल्या, धुतल्या, तीळ आणि सुकं खोबरं घालून कुरकुरीत परतल्या. पहिल्यांदा जळल्या. दुसऱ्यांदा जमल्या. तिच्या तोंडात घास घातला. चावत चावत छताकडे बघत राहिली. म्हटलं, "कशी झालीय?" म्हणाली, "मीठ कुणी घातलं?" म्हटलं, "मी." म्हणाली, "तरीच लागत नाय."

सुरणाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुरण मातीने भरलेला, म्हणून मी आधी स्वच्छ धुतला आणि ओल्या हातानेच सोलायला घेतला. पाच मिनिटांत मनगटापासून कोपरापर्यंत आग आग. खाजवतोय, नाचतोय, नळाखाली हात धरतोय, पाण्याने अजून वाढतंय. ही कॉटवर हसायला लागली. हसताना तिचं तोंड झटक्यामुळे एका बाजूला वाकडं व्हायचं, म्हणून ती हल्ली पदर तोंडावर धरून हसायची. आता पदर धरायला हात नव्हता. तोंड वाकडं ते वाकडं, डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय. "ओलो हात लावल्यात? सुरणाक? अवो, कोकम चोळा, कोकम!" कोकम चोळलं, मग खोबरेल. तासाभराने खाज उतरली. त्या दिवशी तिला मी झटक्यानंतर पहिल्यांदा मोकळी हसताना पाहिली. त्यासाठी रोज सुरण सोलला असता.

कैऱ्यांचं काम मात्र तसंच राहिलं होतं. गुळांबा करायचा तर सोलाव्या लागणार. विळी माळ्यावर, ती काढायचं नाव मी घेत नव्हतो. चाकूने सोलल्या की साल जाड जाते आणि लोखंड लागून कैरी काळी पडते. तेव्हा तिने सांगितलं, "शिंपली आणा."

लहानपणी मी पाहिलं होतं, विसरलो होतो. आमच्या किनाऱ्यावर कैरी शिंपलीने सोलतात. मोठी जाड शिंपली घ्यायची, तिच्या पाठीचा फुगवटा दगडावर घासत राहायचं. घासता घासता भोक पडतं. त्या भोकाची कड हीच धार. पालथी शिंपली कैरीवरून ओढली की साल भोकातून वर येते, कागदासारखी पातळ. लोखंड नाही, त्यामुळे कैरी पांढरी राहते. आणि बोट कापायचा प्रश्नच नाही.

बाजारात मासेवाल्या कोळणीकडे शिंपली मागितली. ती म्हणाली, "एवढी मोठी कशाला काका? पूजेला?"

"कैरी सोलायला."

"अगो बाय! माझी आजी करायची." टोपलीखालून दोन काढून दिल्या. "एक फुटेल तुमची. म्हणून दोन."

फुटली. मी जोर लावला, जोर लावायची सवय. इंदू म्हणाली, "लोखंड न्हय ता. घाय कित्याक?" घाई कशाला. दुसरी पाट्यावर पाणी शिंपडत दोन दुपारी घासली. खर्र खर्र खर्र. खिडकीतून ऊन यायचं, ही अर्धवट झोपेत तो आवाज ऐकत पडायची. थांबलो की डोळे उघडायची. पांढरं पीठ पाट्यावर जमायचं आणि त्याला ओहोटीचा वास यायचा. मशीन नाही, मोजमाप नाही. दुसऱ्या दिवशी मोहरीएवढा उजेड आत आला. मग चवलीच्या नाण्याएवढा. आयुष्यभर हजार टूलं घासली असतील, पण इतकं जपून एकही नाही.

टाके निघाल्यावर ताज्या कैऱ्या आणल्या आणि तिने डाव्या हातात शिंपली घेतली. पण कैरी कोण धरणार? मी समोर बसलो. खाली, पेपरांवर, मांडी घालून. कैरी दोन्ही हातांत धरली आणि हळूहळू फिरवायला लागलो. ती शिंपली टेकवून ठेवायची. साल निघायची.

लेथवर काय असतं, जॉब फिरतो आणि टूल जागेवर राहतं. बत्तीस वर्षं मी टूल सांभाळलं. त्या दिवशी मी फिरणारा झालो आणि टूल तिच्या हातात. "हळू फिरवा. हां. आता उलट. आंबो आसा तो, तुमचो जॉब न्हय." एक कैरी व्हायला दहा मिनिटं. पाटीभर कैऱ्या व्हायला चार दिवस. तिचा हात थरथरायचा, म्हणून साल तुटायची. तुटली की म्हणायची, "गेली." न तुटता आख्खी निघाली की मला दाखवायची, पोरीसारखी. चौथ्या दिवशी एक अशी निघाली, देठापासून टोकापर्यंत एकच. उचलून तिने माझ्या कानावर अडकवली. "घ्या. पन्नास वर्षांनी दागिनो."

एवढा सीझन मिळाला. आंबे संपले, ती पावसात हळूहळू खचत गेली, आणि गणपती होऊन गेल्यावर दुसऱ्या झटक्याने गेली. सकाळी. चहा झाला होता.

आता यंदाचं. पाडव्याला मुलगी आली, वैशाली. बोरिवलीला राहते, घरात नवरा, सासू आणि दोन मुली. आल्या आल्या तिने फ्रिज उघडला. दूध, पाव, आणि एका वाटीत अर्धं केळं. अर्धं केळं बघून ती खाली बसली. मग मला खालच्या मेडिकलवाल्याच्या काट्यावर उभं केलं. बावन्न किलो. गेल्या पाडव्याला एकसष्ट होतो.

"बाबा, बॅग भरा."

"नाही."

"मी विचारत नाहीये."

"मी पण सांगत नाहीये. मी येणार नाही."

"इथे राहून काय करताय? मरायची वाट बघताय?"

बापाशी असंच बोलते ती. माझ्यावर गेलीय. मी म्हटलं, तुझ्या घरी मला कुणी वाईट वागवणार नाही, हे मला माहीत आहे. तुझी सासू चांगली बाई आहे. पण तिथे मला काम काय? आयत्या ताटावर बसायचं आणि उठायचं. टीव्हीचा आवाज कमी करा म्हटलं की ऐकायचं. आयतं जेवायला मी पन्नास वर्षं शिकलोच होतो. इंदूने ते एका सीझनमध्ये मोडून काढलं. आता तुझ्याकडे येऊन परत शिकू?

तिला हे पटलं नाही, पण शेवटी म्हणाली, "अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत देते. तोवर चूल पेटली पाहिजे आणि वजन वाढलं पाहिजे. त्याच्या आसपासच्या रविवारी येईन. नाही जमलं तर मुकाट्याने चलायचं."

"ठीक," म्हटलं. एकदा शब्द दिला की दिला.

ती गेली, आणि मला कळलं की मी घर पणाला लावून बसलोय आणि माझ्याकडे एक बटाटा नाही.

हंसाबेननी एक पीलर दिला, हिरव्या दांड्याचा. म्हणाल्या, "ट्राय करो." खोटं कशाला बोलू, चांगलं हत्यार आहे. बटाटा, गाजर, काकडी, सरसर काम. पात्याला स्वतःची हालचाल आहे, त्यामुळे खड्डा असो उंचवटा असो, ते आपलं आपण वळतं. ज्याने काढलं असेल त्याला लेथ कळत असणार. पहिल्या आठवड्यात मी बटाटे, गाजरं, दुधी, कोहळा, सगळं त्यावर सोललं. भात चिकट झाला, भाजी कधी खारट, कधी करपलेली. खाल्ली. एकट्याने जेवताना वाईट जेवण फेकता येत नाही, कुणाला दोष देणार?

शिंपलीही आहे, खिडकीत. एकदा कैरीवर लावून बघितली. चालते. मलाच चालवत नाही. माझा उजवा हात शिंपली धरतो, डावा कैरी फिरवतो, आणि दोन्ही हात माझेच बघून मन उडतं. ठेवून दिली. घाई कशाला.

पण पीलरने कुयरी सोलता येत नाही. आणि कुयरी बाजारात आली होती. हिरवी, काटेरी, नारळाहून जरा मोठी. कुयरीची भाजी, वरून ओलं खोबरं, सोबत वालाचे दाणे, हे आमच्या घरात चैत्रात झालं नाही असं एकच वर्ष होतं, मागचं; यंदाचं दुसरं झालं असतं. गाडीवाल्याने विचारलं, "सोलून देऊ का काका? सगळे सोलूनच नेतात." म्हटलं, "नको. आख्खी दे." का म्हटलं, माहीत नाही. बहुतेक त्याच्यावर इम्प्रेशन मारायला.

घरी आणून ओट्यावर ठेवली. चाकू लावला, काट्यांवरून घसरला. दोन तास ती कुयरी माझ्याकडे आणि मी तिच्याकडे बघत होतो. मग स्टूल घेतलं आणि माळ्यावरून गोणपाट खाली काढलं.

वर्षभरात पातं थोडं गंजलं होतं. पाटाच्या फटीत काळा डाग होता. तो कसला ते मला माहीत होतं. पाणी, राख, नारळाची शेंडी घेऊन घासला. पुरता गेला नाही. मग पात्याच्या पोटाला नख लावलं. माझी धार. गंजाखालीही तशीच तेज. मेहनत केली होती ना.

पाट्यावरचा वरवंटा घेतला आणि ती धार मारायला बसलो. दगड आडवा धरून पात्याच्या कडेवर, खालच्या अंगाला, चार बोटं लांबी. बत्तीस वर्षं आणि वर अजून कितीतरी, मी धार लावत आलो. मारली कधीच नव्हती. हाताला कळेना किती जोर द्यायचा. थोडं घासायचं, अंगठा टेकवायचा. अजून लागते. परत घासायचं. अंगठा टेकवायचा. हा अंगठा माझा होता, पण मी तो तिचा समजून टेकवत होतो. कधीतरी असं झालं की अंगठा टेकला आणि लागलं नाही. नुसतं गार लोखंड. तिथे थांबलो. वरची धार तशीच ठेवली, ती चिरायला हवी.

मग खाली बसलो. गुडघे वाजले. पेपर अंथरले. हातांना तेल चोळलं, पात्यालाही, नाहीतर फणसाचा चीक जन्माचा चिकटतो. ती सांगायची ते सगळं आठवून नाही केलं, हातच करत होते. आधी चकत्या वरच्या धारेवर. मग एकेक चकती खालच्या अंगाला धरून काट्यांची साल फिरवत काढली. चीक आला, पांढरा, दोऱ्यासारखा. तो वास आला. कच्चा, हिरवा, ओलसर लाकडाचा. अंगठा पात्याला टेकलेला आणि साल मधून सरकतेय. साल निघतेय, कातडी नाही. मी मोठ्याने म्हटलं, "निघतेय गो." घरात कुणी नव्हतं. तरी बोललो. त्यात लाजायचं काय?

ती भाजी मी एकट्याने दोन दिवस खाल्ली. मग दुसरी कुयरी आणली, मग दोडका, मग सुरण. कोरड्या हाताने. हंसाबेनना वाटी दिली. त्या फणस खात नव्हत्या, आता मागतात. मीठ अजून चुकतं.

परवा रविवारी वैशाली आली. हातात मोठी बॅग, रिकामी. दारातच दिसली मला ती बॅग. ती आत आली आणि ओट्याखाली विळी बघून थबकली. तिला आईचा अंगठा माहीत होता.

"ही कुणी खाली काढली?"

"मी."

"बाबा, तुम्हाला अक्कल आहे का? एकटे असता घरात. कापलं तर?"

"बोट लावून बघ."

"नको."

"लाव म्हणतो ना. खाली, पोटाशी."

तिने घाबरत अंगठा टेकवला. फिरवला. परत फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. तोंड धुवायला मोरीत गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

जेवायला बसलो. भात, डाळ, कुयरीची भाजी. पहिला घास घेतला, चावता चावता थांबली, तोंडातून सालीचा एक तुकडा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"साल राहिलीय."

"एखादी राहते. गप खा."

"आईची राहायची नाही."

"तुझ्या आईला पन्नास वर्षं मिळाली. मला एक सीझन."

हसली ती. हसता हसता डोळे पुसले, डाव्या हाताने, कारण उजवा भाजीत होता. मग परत वाढून घेतली. न विचारता. दोनदा. पोरीला लहानपणापासून ओळखतो मी, आवडलं नाही तर ती ताटात खेळत बसते. ती खेळली नाही.

जेवल्यावर मला खाली काट्यावर नेलं. चौपन्न.

"दोनच वाढलं."

"दोन वाढलं म्हण ना सरळ."

जिना चढताना ती पुढे, मी मागे. मधल्या मजल्यावर ती थांबली. मला वाटलं, आता सांगणार, चला. मी कठडा घट्ट धरला. तोंड फिरवून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "पुढच्या रविवारी पोरींना घेऊन येते. सासूबाईंना पण आणते. त्यांना दाखवायचंय मला."

"काय दाखवायचंय? मी काय सर्कस आहे?"

"जेवायला येतोय म्हटलं. पाच माणसांचं करा."

संध्याकाळी ती गेली. बॅग रिकामी आणली होती, रिकामीच नेली.

पाच माणसं म्हणजे बाजारातली नेहमीची कुयरी पुरायची नाही, मोठी सांगून ठेवायला हवी. शनिवारी सकाळी आणली तर संध्याकाळपर्यंत सोलून होईल, गुडघ्यांना मध्ये विसावा देऊन. धाकट्या नातीला म्हणे फणस आवडत नाही. कुणी नीट सोलून दिला नसेल.